बाई, मराठीत ‘ते’ चालतं का?

आठवीला लिंगविचार शिकवायचा म्हणजे फळ्यावर तीन रकाने आखायचे. तो, ती, ते. मुलं एकेक नाम ओरडून सांगतात आणि मी ते खडूने रकान्यात बसवते. तो माड, ती होडी, ते तारू. तो पाऊस, ती सर, ते आभाळ. बावीस वर्षं हे करत आले आहे. यातली पहिली बरीच वर्षं माझ्या मनातही आलं नव्हतं की या तीन रेघांच्या मध्ये एखादं माणूस अडकून पडू शकतं.

२०१२ च्या पावसाळ्यात मागच्या बाकावरून एक हात वर आला. "बाई, घरी मला ‘तें’ म्हणतात. मराठीत चालतं का?"

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्या कोकणीत लग्न न झालेल्या, वयाने लहान मुलीला नपुंसकलिंग लावतात. ‘चेडूं’ हा शब्दच नपुंसकलिंगी. लेक शाळेतून आली की आई म्हणते, "तें आयलें." मोठी बाई, सासू, शेजारची काकी यांना ‘ती’. मराठीत कुणा मोठ्या माणसाला ‘ते’ म्हटलं आणि क्रियापद ‘आले’ लावलं तर तो मान होतो. तिथेच ‘आलं’ लावलं की माणसाची वस्तू होते. कोकणीत मात्र हेच लिंग लेकीच्या लाडाचं आहे. त्यामुळे प्रश्न अगदी रास्त होता, आणि मुलंही कोकणी घरातलीच होती. तरी वर्ग हसला, कारण विचारणाऱ्याच्या आवाजात काहीतरी निकडीचं होतं आणि ते मुलांना बरोबर कळलं. मला कळलं नाही. मी म्हटलं, "नाही. मुलगी स्त्रीलिंगी. तू ‘ती’. चला, पुढचा शब्द."

त्याच महिन्यात निबंध होता, ‘माझा आवडता सण’. या विद्यार्थ्याने शिगम्यावर आणि त्यातल्या रोमटावर, म्हणजे मिरवणुकीवर, लिहिलं होतं. मी रोमटात गेलं. मी खूप नाचलं. मी दमलं आणि रात्री उशिरा घरी आलं. अकरा ठिकाणी मी लाल शाईने ‘गेलं’चं ‘गेले’, ‘नाचलं’चं ‘नाचले’ केलं. कोकणीचा प्रभाव टाळावा, असा शेरा खाली मारला आणि वीसपैकी बारा गुण दिले.

दहा वर्षांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात केळी घेत होते, तर मागून हाक आली, "बाई!" वळून बघते तर आखूड केस, ओठांवर विरळ मिशी, हातात हेल्मेट. डोळ्यांवरून ओळखलं. नाव ओठांवर आलं होतं तेवढ्यात त्यानेच हात वर करून थांबवलं. शांतपणे म्हणाला, "आता मी ‘तो’, बाई." आम्ही दोघं बाजूला एका हॉटेलात भाजी-पाव खायला बसलो. बोलता बोलता तो म्हणाला, "तुमची ती वही अजून आहे माझ्याकडे. त्या वयात मला ‘गेलो’ लिहायचं धाडस नव्हतं आणि ‘गेले’ लिहायला हात होत नव्हता. ‘गेलं’ बरं होतं. त्यात जरा लपता यायचं."

त्या दिवसापासून मी वाचायला लागले. हा लेख त्या वाचनाचा आहे.

शनिवारी दुपारी शाळा सुटली की पणजीची बस धरायची आणि पाटो इथल्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसायचं, असा क्रम लागला. १८३२ साली पोर्तुगीज काळात सुरू झालेलं हे ग्रंथालय, आणि तिथे खिडकीशेजारच्या टेबलावर दोनशे पानी वही घेऊन मी. सुरुवातीला स्त्री आणि पुरुष या दोन रकान्यांत न बसणाऱ्या माणसांचे नुसते नमुने गोळा करत सुटले. सामोआतले फाआफाफिने, मेक्सिकोच्या हुचितान गावातले मुशे, थायलंडमधले काथोई, नवाहो लोकांतले नाद्ले. दोन महिन्यांत चाळीस पानं भरली. इतका आनंद झाला होता! हे सगळीकडे आहे, सगळ्यांना ठाऊक होतं, आपण काहीतरी नवं खूळ काढलेलं नाही, असं कुणालातरी ओरडून सांगावंसं वाटत होतं.

मग हळूहळू एक गोष्ट टोचायला लागली. हे सगळं लिहून ठेवलं कुणी? बहुतेक ठिकाणी बाहेरून आलेल्यांनी. सैनिक, मिशनरी, वसाहतीचे अधिकारी. १५१३ साली पनामाच्या प्रदेशात बाल्बोआ या स्पॅनिश सरदाराने स्त्रीवेशातल्या पुरुषांवर कुत्रे सोडून त्यांना मारलं, आणि तीच त्या माणसांची इतिहासातली पहिली नोंद. त्यांना तिथल्या भाषेत काय म्हणत होते, त्यांचे आईबाप त्यांना कशी हाक मारत होते, काही कळत नाही. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांतल्या अशा लोकांना युरोपियनांनी जो शब्द लावला तो मुळात शिवीसारखा होता, आणि अभ्यासकही तो कितीतरी वर्षं निमूट वापरत राहिले. अखेर १९९० साली कॅनडातल्या विनिपेग इथे जमलेल्या या समाजांतल्या लोकांनीच ‘टू-स्पिरिट’ हा शब्द स्वतःसाठी घेतला. मी भाषा शिकवते, म्हणून असेल, पण मला हे फार मोठं वाटलं. कुणाला काय म्हणायचं हे आधी त्याला विचारायचं असतं, एवढं साधं ते आहे, आणि मी ते वर्गात केलं नव्हतं.

वही दुसऱ्यांदा वाचताना आणखी एक दिसलं. जिथे जिथे जागा आहे, तिथे जागेला एक अट आहे.

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या दक्षिण भागात बुगी लोक राहतात. त्यांच्याकडे लिंगं पाच. ओरोआने म्हणजे पुरुष, मक्कुनराई म्हणजे स्त्री. जन्माने स्त्री पण पुरुषासारखं जगणारे चलालाई, जन्माने पुरुष पण स्त्रीसारखं जगणारे चलाबाई. आणि पाचवे बिस्सू, जे यांतले कुणीच नाहीत आणि सगळेच आहेत. बिस्सू हे पुरोहित. स्त्री आणि पुरुष दोन्ही एका देहात असल्याशिवाय देवांशी बोलता येत नाही, अशी समजूत. म्हणून त्यांच्या अंगावर स्त्रीसारखी फुलं असतात आणि पुरुषासारखी कमरेला कट्यार. अंगात आलं की ते तीच कट्यार स्वतःच्या गळ्यावर दाबून नाचतात. ती रुतली नाही तर देव खरा उतरला असं मानायचं. राजाच्या राज्याभिषेकाला बिस्सू हवेत, शेत पेरायला बिस्सू हवेत.

बुगी लोक मुसलमान आहेत आणि शतकानुशतकं आहेत, हेही वहीत मी अधोरेखित करून ठेवलंय. दोन्ही गोष्टी एका गावात नांदत होत्या. पण १९५० ते ६५ च्या सुमारास कहार मुझक्कर याचं बंड पेटलं तेव्हा बिस्सूंना पकडून पश्चात्ताप करायला लावण्यात आलं, केस कापले गेले, पूजेच्या वस्तू नष्ट झाल्या, काही जण मारले गेले. राजे गेले होते, त्यामुळे राजाचा आधारही उरला नव्हता. पाच लिंगं मोजता येणाऱ्या भाषेलाही त्यांना वाचवता आलं नाही. जोवर विधी होता तोवर मान होता.

उत्तर अल्बेनियाच्या डोंगरांत बुर्नेशा असत. आता थोड्याच उरल्यात. घरात कर्ता पुरुष नसला, किंवा मुलीला ठरवलेलं लग्न नको असलं, तर ती गावच्या वडीलधाऱ्यांसमोर शपथ घेई. मग केस कापायचे, पुरुषाचे कपडे, हातात बंदूक, पुरुषांच्या पंगतीत बसून तंबाखू ओढायची, वारसा मिळायचा. अट एकच, जन्मभर ब्रह्मचर्य. केनियातल्या नांदी लोकांत मुलगा नसलेली म्हातारी रीतसर वधूमूल्य देऊन तरुण स्त्रीशी लग्न करते आणि त्या घरापुरती ‘नवरा’ ठरते, म्हणजे त्या स्त्रीला होणारी मुलं या घराची वारस होतात. याला प्रेम म्हणावं की मालमत्तेची व्यवस्था? दुसरं, असं माझं मत झालंय. आणि उत्साहाच्या भरात अशा प्रथांना आजच्या मुलींच्या आपसातल्या प्रेमाचे पुरावे म्हणून दाखवणं मला पटत नाही. आजच्या मुलींना पुराव्याची गरज पडू नये, हे त्याहून महत्त्वाचं.

एक व्यक्ती मात्र वहीतून उठून माझ्याबरोबर घरी आली. वीवा. न्यू मेक्सिकोतल्या झुनी लोकांपैकी. जन्म १८४९ च्या सुमारास. झुनी भाषेत ‘ल्हामाना’, म्हणजे पुरुषदेहाने जन्मून स्त्रीची कामं आणि स्त्रीचा वेश घेतलेली. उत्तम विणकर, उत्तम कुंभार. १८८६ साली वीवा वॉशिंग्टनला गेली, तिथे सहा महिने राहिली, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांना भेटली, आणि राजधानीतल्या उच्चभ्रू बायका तिला झुनींची राजकन्या समजून चहाला बोलावत राहिल्या. १८९६ मध्ये ती वारली. अंत्यविधीसाठी तिला ठेवणीतला स्त्रीवेश नेसवला, आणि त्याच्या आत एक विजार चढवली.

त्या विजारीपाशी मी वाचायची थांबले, कारण मला म्हार्दोळ आठवलं.

आमची म्हाळसा. फोंडा तालुक्यात म्हार्दोळला जिचं देऊळ आहे, जाईच्या फुलांच्या पूजेसाठी जी सगळ्या गोव्याला माहीत आहे, ती म्हाळसा नारायणी म्हणजे विष्णूचं मोहिनीरूप. आणि तिच्या गळ्यात जानवं असतं. लहानपणापासून शंभरदा दर्शन घेतलंय, जाईच्या माळा वाहिल्यात, पण बाईमाणसाच्या गळ्यात जानवं कसं, हे मी कुणाला विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही. विचारण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नव्हतं, यातच काय ते आलं. देवाने रूप घेतलं, रूप पूर्ण स्त्रीचं आहे, आणि आधीचा एक धागा तेवढा राहिला आहे. लोक नारळ ठेवतात, मुलीच्या लग्नाचं गाऱ्हाणं घालतात आणि घरी जातात.

हे देऊळ मूळचं साष्टीतल्या वेर्ण्याचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केल्यावर भक्तांनी मूर्ती फोंड्याकडे आणली, कारण तो मुलूख तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हता. त्याच सुमारास, १५६० मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत राहिलं. धर्माच्या गुन्ह्यांबरोबर पुरुषापुरुषांतला संबंध हाही पोर्तुगीज इन्क्विझिशनच्या अखत्यारीतला गुन्हा होता. गोव्याच्या न्यायासनाचे बहुतेक कागद पुढे नष्ट झाले. कुणाला धरलं, कोण काय बोललं, कोण पळून घाटावर गेलं, ते कागद असते तर मी पोर्तुगीज शिकले असते, इतकं मला ते वाचायचं होतं.

आता माझ्या स्वतःच्या विषयाकडे येते. व्याकरण कोरडं, असं म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद जरूर वाचावा. पाणिनीच्या स्त्रीप्रत्ययांच्या सूत्रांवर चर्चा करताना पतंजलीच्या महाभाष्यात एक प्रश्न येतो, की शब्दाला स्त्रीलिंगी किंवा पुंल्लिंगी म्हणायचं ते कशावरून? लोकांत चालणारं उत्तर आधी मांडलं आहे: स्तन आणि लांब केस असतील ती स्त्री, अंगावर लव असेल तो पुरुष, दोन्हींचा अभाव असेल ते नपुंसक. आणि लगेच त्यावर आक्षेप. असं मानलं तर ‘भ्रूकुंस’ या शब्दाला स्त्रीप्रत्यय लावावा लागेल! भ्रूकुंस म्हणजे स्त्रीवेश घेऊन नाचणारा पुरुष नट. त्याच्याकडे स्तन दिसतात, केस दिसतात, मग काय करणार? पुढे म्हटलंय, खाटेला तर स्तन नाहीत आणि झाडाला लव नाही, तरी खाट स्त्रीलिंगी आणि वृक्ष पुंल्लिंगी आहेच. म्हणजे देहाच्या खुणांवरून लिंग ठरवण्याची ही कसोटी टिकत नाही.

दोन हजार वर्षांहून जुनी ही चर्चा. मी एम. ए. केलं, बी. एड. केलं, आयुष्यभर लिंगविचार शिकवला, आणि माझ्यासमोर हा भ्रूकुंस कुणी आणून उभा केला नाही. कामसूत्रातली ‘तृतीया प्रकृती’ निदान चघळायला तरी सगळ्यांना माहीत असते. हा बिचारा नट व्याकरणाच्या एका कोपऱ्यात उभा राहून सगळी व्याख्या मोडतो आहे, त्याचं नाव कुणी घेत नाही.

आणि मला तर तो पाहून माहीत होता. माझं आजोळ पेडणे तालुक्यात, तेरेखोल नदीच्या काठावर. शिगम्यात वाड्यावरची मंडळी राधा काढायची. ढोल, झांजा, मागे पोरांचा घोळका, आणि मध्ये राधा. आमच्या वाड्यावरची राधा म्हणजे एरवी काजूच्या दिवसांत लोकांच्या बागेत बोंडं गोळा करायला जाणारा एक विशीतला मुलगा. शिगम्याच्या आदल्या दिवशी तो आजीकडे कापड मागायला यायचा. आजी पेटारा उघडून जांभळं, जरीच्या काठाचं नऊवारी काढायची आणि म्हणायची, "चिखल लावू नकोस." तो ते दोन्ही हातांवर घ्यायचा, जसं तान्हं मूल घेतात. बाकीची पोरं वेश घ्यायची म्हणजे कशीतरी गुंडाळायची, ओच्यातून धोतर दिसायचं. याच्या निऱ्या बघायला बायका जवळ यायच्या. तो नाचत घराघरांत जायचा, लोक पैसे ओवाळून टाकायचे, म्हातारे हात जोडायचे. पाच दिवस. सहाव्या दिवशी त्याची चाल बघून तेच लोक मागून शिट्ट्या मारायचे.

शिगम्यात राधा, दशावतारात स्त्रीपार्टी. आमच्या मंगेशीचे दीनानाथ आणि तिकडे बालगंधर्व यांच्या स्त्रीभूमिकांवर तर अख्खा मराठी मुलूख जीव ओवाळत होता. बालगंधर्वांची नेसण पाहून घरंदाज बायका तशी साडी नेसायला शिकल्या. मंच ही आपली जागा, आणि पडदा पडेपर्यंत ही तिची अट. चोर्ला घाट उतरून परडी घेऊन येणाऱ्या, यल्लम्मा देवीला वाहिलेल्या जोगत्यांचंही तसंच. सौंदत्तीच्या डोंगरावर देवीने ज्याला धरलं त्याने लुगडं नेसलं तर घरचे अडवू शकत नाहीत. पण धरायला देवीच लागते. "मला असं वाटतं" याने भागत नाही, "देवीला असं हवं" असंच म्हणावं लागतं. कर्नाटकातल्या पारलिंगी लोककलावंत मंजम्मा जोगती यांना २०२१ मध्ये राष्ट्रपती भवनात पद्मश्री घेताना टीव्हीवर पाहिलं. पुरस्कार घेण्याआधी त्यांनी पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली. मी आणि आई दोघी रडलो. जोगती म्हणून जगता येण्याआधी घरातून मिळालेली हेटाळणी त्यांनी जाहीरपणे सांगितली आहे, तीही त्या पदरात होतीच.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण ते पुष्कळांनी लिहिलंय. इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत ‘निसर्गाविरुद्ध’ संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ घातलं, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हिजड्यांची नोंदवही ठेवली. गोव्याला ही दंड संहिता १९६१ नंतर, भारतात आल्यावर लागू झाली. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम रद्द केलं.

पण या विषयाचा अभ्यास मराठीत नवा नाही, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. वाचक लाज बाजूला ठेवून प्रश्न पाठवायचे, ते उत्तर द्यायचे. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ साली मुंबईत त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, ६ मे १९३३ ला, बर्लिनमध्ये माग्नुस हिर्शफेल्ड यांची लैंगिक विज्ञानाची संस्था नाझी विद्यार्थ्यांनी लुटली आणि चार दिवसांनी तिथली पुस्तकं चौकात जाळली. हे हिर्शफेल्ड १९३१ मध्ये भारतातही फिरून गेले होते. बर्लिनमध्ये पुस्तकांचा ढीग पेटतो आहे आणि वर्षभरात मुंबईच्या कोर्टात आंबेडकर उभे राहून वाचकाला प्रश्न विचारण्याचा आणि संपादकाला उत्तर देण्याचा हक्क मागत आहेत, ही दोन चित्रं मी वहीच्या समोरासमोरच्या पानांवर लिहून ठेवली आहेत.

माझा विद्यार्थी आता सत्तावीस वर्षांचा आहे. दुचाकी दुरुस्त करतो. गेल्या दोन वर्षांत आम्ही दोघांनी मिळून जे कागद फिरवले, त्याने मला पुस्तकांइतकंच शिकवलं. २०१९ च्या कायद्यानुसार तेव्हा जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज केला की पारलिंगी असल्याचं ओळखपत्र मिळायचं. ते मिळालं. पण नुसतं ‘पुरुष’ असं लिहून हवं असेल तर त्याच कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे शस्त्रक्रिया झाल्याचा दाखला जोडावा लागायचा. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यातल्या, निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की शस्त्रक्रियेचा आग्रह धरता येणार नाही. पाच वर्षांत अट परत आली. त्याच्याकडे शस्त्रक्रियेचे पैसे नाहीत, आणि पैसे आले तरी करायची की नाही हे तो ठरवेल.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नवीन नाव घालायला एका कचेरीत आमची फाईल सात महिने पडून होती. तिथला कारकून दर खेपेला त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून विचारायचा, "ही तुमची कोण?" पहिल्या वेळी मी गप्प राहिले. दुसऱ्या वेळी म्हटलं, "हा माझा विद्यार्थी." तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वेळीही तेवढंच म्हटलं, फक्त ‘हा’ जरा मोठ्याने. सातव्या महिन्यात कारकून म्हणाला, "ह्याला सही करायला सांगा." तो मान खाली घालून सही करत होता आणि पेन कागदातून आरपार जाईल इतकं दाबत होता.

लिंगविचाराचा धडा मी अजून तीन रकान्यांतच शिकवते. पाठ्यपुस्तक तसंच आहे आणि परीक्षाही. पण आता वर्गात भ्रूकुंस येतो. मुलांना तो फार आवडतो. खाटेला स्तन नाहीत म्हटल्यावर हसू फुटतं, ते मी फुटू देते, मग विचारते की आता सांगा, कशावरून ठरवायचं? यंदा एक मुलगा म्हणाला, "बाई, त्यालाच विचारू या."

या चतुर्थीला विद्यार्थ्याचा फोन आला. पोरगा नीट बोलू शकत नव्हता. कोकणीत बाईमाणसाला ‘गो’ आणि पुरुषाला ‘रे’ लावून हाक मारतात. त्याची आई सगळं कळूनसुद्धा इतकी वर्षं ‘गो’च म्हणत होती. त्याने कधी भांडण केलं नाही, पण दर ‘गो’ला त्याचा घास अडकायचा, असं तो म्हणाला. त्या दिवशी गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली, आरत्या झाल्या, पानं वाढली, आणि आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "जेवपाक यो रे." घरात आई सोडून तो एकटाच होता. दुसऱ्या कुणाला मारलेली हाक असण्याची शक्यता नव्हती. "बाई, मी लगेच गेलो नाही. परत एकदा मारील म्हणून थांबलो," तो म्हणाला. "तिने परत मारली."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसले होते. मला आजीची ओसरी दिसत होती. शिगमा संपून दोन दिवस झालेले. मी नऊ-दहा वर्षांची, फणसाच्या आठळ्या सोलत बसलेली. राधा कापड परत करायला आली होती, म्हणजे तो आला होता. अंगात मळका सदरा, खाली खाकी अर्धी चड्डी, काजूच्या चिकाने काळे झालेले हात. कापड विहिरीवर धुऊन, सावलीत वाळवून, काठाला काठ जुळवून घडी घातलेली. वर एक आबोलीचा वळेसर ठेवलेला. आजीने घडी हातात घेतली, काठावरून बोट फिरवलं, पेटाऱ्यात न ठेवता मांडीवरच ठेवली आणि म्हणाली, "यो गो, बस."

त्याने पटकन मागे वळून अंगणात पाहिलं. कुणी नव्हतं, मी होते. मग तो ओसरीच्या कडेला टेकला. आजीने बशी-कपातून चहा आणून दिला. त्याने काळे हात चड्डीला पुसले, कप बशीत नीट मधोमध बसवला, आणि इतका सावकाश प्यायला की मी आठळ्यांची अख्खी टोपली संपवली तरी त्याचा चहा संपला नव्हता.